पावसाचे गावठी अंदाज: कोणता किती वेळापुरता खरा?

वाफसा (धागाकर्ता)

रोहिणी लागली की ग्रुपवर सुरू होतं. कावळ्याचं घरटं, बहाव्याचा फुलोरा, टिटवीची अंडी, पंचांगातला बेडूक आणि म्हैस. त्याखाली दोनच तऱ्हेचे प्रतिसाद येतात. एक, आपले पूर्वज किती हुशार होते. दोन, कसली ही अंधश्रद्धा. दोन्हींचा पेरणीला काडीचा उपयोग नाही.

मला विचारायचंय ते वेगळं. प्रत्येक खूण नेमकं काय सांगते, आणि किती वेळापुरतं सांगते? माझी विभागणी ढोबळ आहे. मिठाला पाणी सुटणं, लांबचे डोंगर एकाएकी जवळ दिसायला लागणं, चुलीचा धूर वर न चढता अंगणातच पसरणं, चिमण्यांनी मातीत लोळणं या खुणा आत्ताच्या हवेबद्दल बोलतात. त्यांची मुदत काही तासांची, फार तर एखाद्या दिवसाची. दुसऱ्या टोकाला घरटी, अंडी, नक्षत्रांची वाहनं, घटमांडणी. ही मंडळी थेट चार महिन्यांचं सांगून मोकळी होतात. माझं मत असं की पहिल्या गटातल्या काहींत दम आहे, दुसऱ्यात नाही. आणि शेतकऱ्याला ज्याची खरी गरज असते, म्हणजे पहिला पाऊस झाल्यावर पुढचे पंधरा दिवस उघडीप पडणार का, त्याबद्दल परंपरा गप्पच. बियाणं तर तिथंच जातं.

खोडून काढा. फक्त 'आमचे आजोबा सांगायचे' एवढ्यावर थांबू नका. आजोबा कशावरून सांगायचे तेही लिहा.

निंबोणी

वाचतेय. मिठाबद्दल पुरवणी. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे बरणी हे एका आकड्यापुरतं आर्द्रतामापकच झालं. पण म्हणूनच ही खूण देशावरची. किनाऱ्याला मे महिन्यात रोज तेवढा दमटपणा असतो, तिथं मीठ कायमच ओलं. जी खूण रोज दिसते ती काहीच सांगत नाही.

चिंचोका

आमच्याकडे मीठ ओलं झालं की पाऊस येत नाही, झाकण उघडं ठेवणाऱ्याला बोलणी बसतात.

गाजकान

निंबोणीताई, बरोबर. आम्ही रत्नागिरीकडचे, मिठावरून आमच्यात कोणी पाऊस सांगत नाही. आम्ही गाज ऐकतो. रात्री समुद्राचा आवाज कुठल्या अंगानं येतोय, दक्षिणेच्या की उत्तरेच्या, आणि लाटेचा ताल किती लांबलाय, त्यावरून जुने खलाशी वारा-पाऊस सांगतात.

यात चमत्कार नाही. लांब कुठंतरी वादळी वाऱ्यानं उठवलेल्या लाटा त्या वाऱ्याच्या आधी किनाऱ्याला येतात. एकामागून एक लाट पंधरा सेकंदांनी येत असेल, तर ती उसळी खोल समुद्रातून ताशी चाळीसेक किलोमीटरनं चालून आलेली असते. वादळ मागंच घुटमळत असतं. म्हणजे गाज ही बातमी आहे, आणि ती आधीच घडून गेलेल्या गोष्टीची आहे. पण ही खूण समुद्र खवळण्याची, पावसाची नव्हे. खवळला म्हणून पडेलच असं नाही आणि पडला तर किती, हे तर गाजेतून मुळीच कळत नाही.

अजून एक. यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. ती उठली तरी आमच्यातले बरेच जण नारळी पौर्णिमेची वाट बघतात. पौर्णिमा कधी ऑगस्टच्या सुरुवातीला येते, कधी अखेरीला. याला अंदाज म्हणता येणार नाही, पण धीर धरायची सवय म्हणून मला ती पटते. जीव वाचवायचा प्रश्न येतो तेव्हा मात्र गाज पुरत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. त्याआधी लोकांना हलवता आलं ते उपग्रहाची चित्रं हाताशी होती म्हणून.

दुर्बीण

पक्ष्यांचं मी घेतो, कारण सगळ्यात जास्त थापा त्यांच्याच नावावर खपतात.

टिटवी. 'चार अंडी घातली, चारही महिने पाऊस.' अहो, टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. कधी तीन. दुष्काळी वर्षातही चारच. मग म्हणतात अंडी उंचावर असली तर पाऊस जास्त, नदीच्या पात्रात असली तर कमी. टिटवीचा विणीचा हंगाम मार्चपासून ऑगस्टपर्यंत चालतो. एप्रिलमध्ये पात्र कोरडंच असतं, ती तिथं घालणारच. खडीच्या ढिगावर घालते, सपाट गच्चीवरही घालते. यातलं कुठलं घरटं धरायचं? ज्याला जे हवं ते सापडतं.

पावशा. 'पेर्ते व्हा' हे शब्द आपण त्याच्या तोंडी घातले. तो ओरडतो कारण त्याचे विणीचे दिवस असतात. स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, त्यामुळे त्याचं वेळापत्रक सातभाईंना बांधलेलं. ते वेळापत्रक पावसाळ्याच्या आसपास पडतं हे खरं. पण पाऊस लांबला म्हणून तो ओरडायचा थांबत नाही. उलट उकाड्यात रात्रीसुद्धा झोपू देत नाही.

चातकाचं वेगळं. आपल्याकडे येणारे चातक आफ्रिकेतून मान्सूनच्या वाऱ्यांच्या सुमारास येतात. (दक्षिण भारतात बारमाही राहणारेही आहेत, म्हणून 'आपल्याकडे' म्हणालो.) माळावर पहिला चातक दिसला म्हणजे वारा फिरायला लागलाय असं मी मानतो. पावशापेक्षा हा साक्षीदार बरा. तरी मुदत थोड्या दिवसांचीच, आणि मिलिमीटर त्याला विचारू नयेत.

कावळ्याचं थोडक्यात. मधल्या फांदीत घरटं म्हणजे चांगला पाऊस, शेंड्यावर म्हणजे दुष्काळ, बाभळीसारख्या काटेरी झाडावर म्हणजे ओढाताण, पूर्वेच्या फांदीवर उत्तम, पश्चिमेला बेताचा. गावातले वड-आंबे तुटल्यावर कावळा बाभळीवर नाहीतर मोबाइलच्या टॉवरवर जाणार. त्यात पावसाचा काय दोष?

जुनं_खोड

दुर्बीणराव, एका घरट्यावरून कोणी शहाणा माणूस सांगत नसे. शिवारभर फिरून दहा-वीस घरटी बघायची, तीही कावळा काड्या गोळा करायला लागला तेव्हापासून. आणि एकट्या कावळ्यावर भिस्त नसे. वारा, आंब्याचा मोहोर, होळीच्या धुराची दिशा, सगळं जमेला धरून मग बोलायचं. आता फोटो येतो एका फांदीचा, आणि खाली लिहितात शंभर टक्के पाऊस.

नक्षत्रांचं मात्र मी सोडणार नाही. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनांचा, हस्ताचा हत्तीचा. ही नावं उगाच पडलेली नाहीत. कोणता पाऊस कसा पडतो हे त्यात साठवलंय. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' यात पाऊस पडेल का हे सांगितलेलंच नाही. पडला तर काय होईल ते सांगितलंय. रब्बीला ऑक्टोबरअखेरची ओल मिळाली तर ज्वारी-हरभरा साधतो, एवढंच. याला अंधश्रद्धा म्हणणाऱ्यानं एकदा कोरडवाहू रान कसून बघावं.

चिंचोका

खोडकाका, मघांची म्हण राहिली की. 'पडतील मघा तर चुलीपुढं हगा, नाहीतर ढगाकडं बघा.' इतका नेमका अंदाज हवामान खात्यालाही जमणार नाही.

जुनं_खोड

राहिली नाही, मुद्दाम ठेवली. पण तीही 'तर'वालीच आहे हे बघा. पडला तर झड अशी लागेल की बाहेर पाऊल टाकता येणार नाही, नाही पडला तर पुरा कोरडा.

हातचा_एक

काकांचा 'तर'चा मुद्दा बिनतोड. पण पंचांगात नक्षत्राशेजारी जे वाहन छापतात त्यात 'तर' नसतो, सरळ भविष्य असतं. ते कसं काढतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहितो.

सूर्य ज्या क्षणी नव्या नक्षत्रात जातो तेव्हा चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते बघायचं. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, ९ नं भागायचं आणि बाकी बघायची. १ घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, ० हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर. मोर, उंदीर, गाढव मध्यम. कोल्हा, मेंढा कमी. घोडा म्हणजे डोंगरात पडेल. संपलं. यात वारा नाही, समुद्राचं तापमान नाही, ढग नाही.

आता गंमत. नक्षत्रं २७, म्हणजे प्रत्येक वाहनाच्या वाट्याला बरोबर तीन घरं. भरपूर पावसाची वाहनं नऊपैकी तीन. मृगापासून हस्तापर्यंत नक्षत्रं नऊ. तेव्हा सरासरीनं दर पावसाळ्यात तीन नक्षत्रं 'भरपूर' निघणारच, दुष्काळ असो की महापूर.

पुढची गंमत आणखी मोठी. सूर्य एक नक्षत्र ओलांडतो तेवढ्या सुमारे चौदा दिवसांत चंद्र जवळजवळ चौदा नक्षत्रं चालतो. म्हणजे दोघांतलं अंतर दर वेळी तेराच्या आसपास वाढतं. तेराला नवानं भागलं की बाकी चार. म्हणून वाहन दर वेळी यादीत बहुधा तीन-चार घरं पुढं उडी मारतं. कोल्ह्यानंतर मोर किंवा उंदीर, बेडकानंतर उंदीर किंवा म्हैस. चंद्राच्या कमी-जास्त वेगामुळे क्वचित एखादं घर इकडंतिकडं होतं, पण लागोपाठ दोन नक्षत्रांना तेच वाहन येणं या गणितात बसतच नाही. खरा पाऊस असा वागतो का? उघडीप पडली की दोन-दोन, तीन-तीन आठवडे हलत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशपातळीवर १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. पंचांगाची उडी मात्र ठरल्याप्रमाणे चालूच.

आणि एकाच पंचांगातला एकच बेडूक महाबळेश्वरलाही लागू आणि दुष्काळी आटपाडीलाही.

जुनं_खोड

वाहनांचं मी कधीच धरत नव्हतो. नक्षत्र म्हणजे तारखा. ७-८ जूनला मृग, २१-२२ ला आर्द्रा, जुलैच्या ५-६ ला पुनर्वसू. इंग्रजी महिने न येणाऱ्याला हेच कॅलेंडर होतं.

हातचा_एक

पूर्ण सहमत, फक्त हे कॅलेंडर सरकतं. सूर्य त्याच ताऱ्याजवळ परत यायला ऋतुचक्रापेक्षा सुमारे वीस मिनिटं जास्त घेतो. साधारण ७०-७२ वर्षांत एक दिवसाचा फरक. शिवकाळात मृग ऋतूच्या मानानं पाचेक दिवस आधी लागत असे. ज्योतिषी वराहमिहिराच्या काळात, म्हणजे सहाव्या शतकात, जवळजवळ वीस दिवस आधी. त्यामुळे 'हजारो वर्षांचं मृगाचं शहाणपण' ही भाषा जपून वापरावी. आत्ता मृग आणि मान्सून छान जुळलेत, ते कायम जुळलेले नव्हते.

वराहमिहिराचं नाव आलंच तर, त्याच्या बृहत्संहितेत ढगांचा गर्भ राहतो आणि १९५ दिवसांनी पाऊस जन्मतो असा हिशेब आहे. थंडीत दिसलेल्या ढगांवरून पावसाळ्याचा दिवस सांगायचा. कल्पना भन्नाट आहे. निदान तपासता येईल इतकी तरी नेमकी.

पूर्णाकाठचा

तपासण्याचं निघालं म्हणून भेंडवळ गावच्या घटमांडणीबद्दल. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात. परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगतात. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात गोल घट मांडतात, त्यात अठरा धान्यं. मधे खड्डा, खड्ड्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. वर पाण्यानं भरलेली घागर. पुरी, पापड, सांडोळी, कुरडई, करंजी, भजं, वडा आणि पान-सुपारी. रात्री तिकडं कोणी फिरकत नाही. पहाटे जाऊन बघतात: कोणतं ढेकूळ किती भिजलं, धान्य आत सरकलं की बाहेर, पान-सुपारी जागची हलली का. ढेकळांवरून पाऊस, धान्यावरून पीक, पान-सुपारीवरून राजा.

मी ऐकायले जातो. लांबलांबून शेतकरी येतात, वर्षातून एकदा भेटीगाठी होतात, बियाण्याचं-भावाचं बोलणं होते. पण पेरणी काही त्यावर करत नाही, अन् तिथं आलेल्यांपैकी बरेच जण करत नसावेत असं मले वाटते.

कारण सांगतो. निकाल बहुतेक असा असते की एका महिन्यात कमी, एका महिन्यात बरा, एका महिन्यात चांगला, कुठं कमी कुठं जास्त. 'कुठं कमी कुठं जास्त' हे कधी खोटं निघू शकते का? अन् कोणत्या जागेसाठी? बुलढाण्याच्या अन् गडचिरोलीच्या पावसात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. एक ढेकूळ दोघांचं कसं सांगणार? अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी हे आक्षेप कितीकदा घेतले. गर्दी काही कमी होत नाही, कारण गर्दी अंदाजासाठी येतच नाही, असा माझा अंदाज.

ढगवेडी

हवामानशास्त्र शिकतेय, थोडं आकाशाबद्दल लिहिते.

संध्याकाळी तांबडं आभाळ म्हणजे उद्या कोरडं, हे आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतून आणि इंग्रजी म्हणींतून फार पसरलंय. ते जिथलं आहे तिथं हवा पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकते. मावळतीला आभाळ स्वच्छ म्हणजे येणारी हवा स्वच्छ. आपल्या पावसाळ्यात कमी दाबाची क्षेत्रं बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडं येतात. म्हणजे मावळती बघून काय उपयोग, येणारं सगळं पाठीमागं. वळवाचं आभाळसुद्धा देशावर दुपारनंतर बहुतेकदा पूर्वेच्या अंगानं चढतं, आणि हे गावातल्या कुठल्याही म्हातारीला माहीत असतं.

तसंच 'हवेचा दाब कमी झाला की मुंग्यांना कळतं' हे. आपल्या अक्षांशांवर दाब रोजच दोनदा वर-खाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. पावसाची साधी सर यायच्या आधी दाब तेवढाही पडत नाही. मग मुंग्यांनी रोज चार वाजता अंडी हलवायला हवीत. त्या हलवतात त्याचं कारण ओल असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

खळं. चंद्राभोवतीचं मोठं खळं वर उंचावरच्या बर्फाच्या स्फटिकांमुळे पडतं आणि ते चंद्रापासून नेहमी २२ अंशांवर असतं. हात लांब करून पंजा पसरला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं, साधारण तेवढं. ते लहान-मोठं होत नाही. 'लांबचं खळं, जवळचा पाऊस; जवळचं खळं, लांबचा पाऊस' मधलं जवळचं खळं म्हणजे वेगळीच गोष्ट, पातळ ढगातल्या पाण्याच्या थेंबांनी चंद्राला चिकटून पडणारं रंगीत वलय. म्हणजे या म्हणीनं दोन जातींचे ढग वेगळे ओळखलेत. पाऊस येईलच असं नाही, पण निरीक्षण पक्कं आहे.

दुसऱ्या गटावर एकदम फुली मारू नका, एवढंच म्हणेन. लांबच्या एका खुणेवरून अख्खा हंगाम सांगायचा, हे सरकारी खात्यानंही केलंय. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्ये पहिला हंगामी अंदाज दिला तो हिमालयातल्या बर्फावरून. जास्त बर्फ तर पाऊस कमी. पुढं गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरचे दाबाचे आकडे चाळले आणि प्रशांत महासागराशी नातं सापडलं. आज एल निनो म्हणतो त्याची सुरुवात तिथं आहे. फरक इतकाच की हे सगळं आधी लिहून ठेवलं जायचं आणि चुकलं की दिसायचं.

चिंचोका

चुकलं की दिसायचं, हे मान्य. २००२ ला सरासरीइतका सांगितला आणि पडला ८१ टक्के. तेव्हा आमच्या गावात वेधशाळेपेक्षा बेडकाला जास्त मान होता.

ढगवेडी

हो, आणि १९९७ ला जबरदस्त एल निनो असून देशात पाऊस सरासरीपेक्षा थोडा जास्तच झाला. २००२ च्या चुकीनंतर मात्र पद्धत बदलली गेली. ८१ हा आकडा तुम्हाला आज सांगता येतो, कारण तो कोणीतरी नोंदवला. २००२ ला कावळ्यानं कुठं घरटं बांधलं होतं, सांगा बरं?

तिफण

उशिरा आलो. मराठवाड्यात कोरडवाहू सोयाबीन-तूर करतो. वाफसादादांच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला खटकलंय. परंपरा मधल्या पंधरा दिवसांबद्दल गप्प आहे म्हणालात. गप्प नाही. ती तिथं अंदाज बांधतच नाही, ती दुसरं काहीतरी करते.

२०२५ घ्या. २६ मे ला मान्सून मुंबईत, नेहमीची तारीख ११ जून. सगळीकडं पाणीच पाणी. मृग लागायला अवकाश होता. काही जणांनी पेरणी उरकून घेतली. मग पुढं मान्सून अडकला आणि जूनचा पहिला पंधरवडा पुष्कळ ठिकाणी कोरडा गेला. 'मृग लागल्याशिवाय तिफण काढायची नाही' म्हणणारे म्हातारे त्या वेळी शहाणे ठरले. त्यांना काही कळलं होतं असं नाही. त्यांचा नियमच तसा होता. पाऊस येईल का हे तो सांगत नाही, तुम्हाला घाई करू देत नाही.

दुसरं म्हणजे ओल. पहिला पाऊस झाला की आमच्याकडे खुरप्यानं उकरून बघतात, ओल वीतभर खाली गेली का. कृषी खातं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, तेच हे, फक्त मापाचं भांडं वेगळं. ओल खोल असली तर बी उगवून आठ-दहा दिवस तग धरतं, पुढचं आभाळ काय करणार हे माहीत नसलं तरी. मृगाचा किडाही याच हिशेबातला. तो तांबडा मखमली जीव पाऊस सांगत नाही, पाऊस पडून जमीन भिजल्यावर वर येतो.

तिसरं, सगळं बी एकदम टाकायचं नाही. सोयाबीनमध्ये तुरीचे तास (ओळी), एखादं रान मागं ठेवायचं. अंदाज चुकणार हे गृहीत धरूनच हे सगळं बसवलंय. कावळा-टिटवी बोलायला असतात, पेरायला ओल बघतात. निदान माझ्या बघण्यात तरी.

वाफसा

तिफणभाऊ, हे पटलं. म्हणजे माझ्या विभागणीत तिसरा कप्पा हवा होता: जे अंदाज नाहीतच, पण अंदाजाच्या नावाखाली मोजले जातात. मृगाची तारीख, वीतभर ओल, नारळी पौर्णिमा, सगळं त्यात जाईल. काकांच्या 'तर'वाल्या म्हणीही.

एक शंका. धूळपेरणी करणाऱ्यांचं काय? ते तर कोरड्यातच टाकतात.

तिफण

ती पैज आहे आणि करणाऱ्याला ते माहीत असतं. साधली तर पीक पंधरा दिवस पुढं, नाही तर दुबार पेरणी. खानदेश-विदर्भात कपाशीला करतात, कोकणात भाताची रोपं टाकायला. भारी जमिनीत आणि पुढं एखादं पाणी द्यायची सोय असली तर ठीक. माझ्यासारख्यानं करू नये.

दुर्बीण

एक सूचना. पावसाळा सुरू व्हायच्या आत इथंच प्रत्येकानं एकेक खूण लिहून ठेवायची. तालुका, तारीख, काय दिसलं, आणि त्यावरून काय होईल, कधीपर्यंत. 'चांगला पाऊस' चालणार नाही. कावळ्याच्या सगळ्या घरट्यांचे फोटो, आवडत्या घरट्याचा एकट्याचा नाही.

जुनं_खोड

मी देतो. पण नातवाला टाइप करायला सांगतो, चष्मा धुकट झालाय.

निंबोणी

बहाव्याचं मी घेते. फुलोऱ्यापासून ४५ दिवसांनी पाऊस म्हणतात, पण एकाच रस्त्यावरची झाडं पंधरा-पंधरा दिवसांच्या फरकानं फुलतात. पहिलं फूल धरायचं की पूर्ण बहर, ते आधी ठरवा. यंदाच्या तारखा माझ्याकडे आहेत, आज रात्री टाकते.

हातचा_एक

पूर्ण बहर धरा, पण सगळ्या झाडांच्या तारखा वेगवेगळ्या द्या. तक्ता मी ठेवतो. वाहनंही त्यात घालतो, त्यांना सूट नाही.

तिफण

आणि पाऊस किती पडला ते कशावरून ठरवणार? महसूल मंडळाचं यंत्र माझ्या शेतापासून बरंच लांब आहे. तिथं धो धो आणि माझ्याकडे भुरभुर, असं दर वर्षी होतं. घरच्या घरी मोजायची काही सोय?

ढगवेडी

सोपं आहे. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा. वर-खाली सारख्याच रुंदीचा हवा, बादली चालणार नाही. झाड आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर घट्ट बसवा म्हणजे जमिनीवरचे शिंतोडे आत जाणार नाहीत. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून मिलिमीटर मोजा, लिहा, पाणी ओतून टाका. वेधशाळेचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो, त्यामुळे आकडे पडताळता येतील. पाऊस नसेल त्या दिवशी रकाना मोकळा सोडू नका, शून्य लिहा.